आतली नळी

मानेच्या पुढच्या बाजूला छेद घेऊन श्वासनलिकेत नळी बसवायची, या ट्रेकिओस्टॉमी नावाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना श्रेय बहुधा सुरी धरणाऱ्याला दिलं जातं. इटलीतल्या फेरारामध्ये अंतोनिओ मूसा ब्रासाव्होला यांनी 1546 साली गुदमरणाऱ्या रुग्णावर ती यशस्वीपणे केल्याची नोंद आहे, आणि बहुतेक इतिहास तिथूनच सुरू होतात. पण छेद कुठे घ्यायचा हे ठाऊक झाल्यावरही पुढची जवळजवळ तीन शतकं घसा बंद होऊन मुलं मरतच राहिली. छेद घेण्याची डॉक्टरांना वाटणारी धास्ती हे त्याचं एक कारण होतंच. दुसरं कारण छेदानंतरचं आहे. नाकातून जाणारी हवा वाटेत गरम आणि ओलसर होते. मानेतल्या नळीतून ती थेट, कोरडी आत शिरते, त्यामुळे कफ घट्ट होतो, नळीत त्याच्या खपल्या धरतात आणि नवी वाटही बंद पडते. म्हणूनच ट्रेकिओस्टॉमी असलेल्या मुलांच्या देखभालीची कुळकथा छेदापासून न सांगता ती वाट उघडी ठेवण्याच्या युक्तीपासून, म्हणजे आतल्या नळीपासून सांगायला हवी.

ही युक्ती 1730 साली स्कॉटलंडच्या जॉर्ज मार्टिन या डॉक्टरांनी लिहून ठेवली. नळीत नळी बसवावी, म्हणजे कफ साचल्यावर आतली तेवढी काढून धुता येईल आणि बाहेरची जागेवर राहून रुग्णाला त्रास होणार नाही. ही सूचना एका धर्मगुरूने केल्याचंही ते सांगतात. तिचं खरं मोल कळलं ते घटसर्पाच्या साथींत. फ्रान्समधल्या तूरचे पिएर ब्रेतोनो यांनी 1825 मध्ये घटसर्पाने गुदमरणाऱ्या एका मुलीला या शस्त्रक्रियेने वाचवलं. त्यांचे शिष्य आर्मां त्रूसो यांनी पुढे पॅरिसमध्ये दुहेरी नळीचा आग्रह धरला. आतली नळी वेळोवेळी काढून स्वच्छ करा, मुलाच्या गळ्याभोवती सैल कापड गुंडाळा म्हणजे आत जाणारी हवा ऊबदार आणि दमट राहील, त्याच्या पोटात अन्न जाऊ द्या, असं ते शिकवत. दोनशेहून अधिक शस्त्रक्रियांनंतर सुमारे चौथा हिस्सा मुलं वाचल्याचं त्यांनी नोंदवलं. घटसर्पातून मुलं वाचली ती प्रतिविषामुळे, शुश्रूषेमुळे नव्हे, असं कुणी म्हणेल. मृत्यूंचं प्रमाण प्रतिविषाने फार मोठ्या प्रमाणात खाली आणलं, यात शंका नाही. पण त्याचा प्रसार 1894 नंतरचा. त्रूसो यांची मुलं त्याआधीची आहेत. प्रतिविष नव्हतं तेव्हा छेदाइतकाच त्यानंतरच्या शुश्रूषेचा आधार होता.

या कुळकथेला खरं वळण मिळालं ते तान्ह्या बाळांपाशी. नळीचा आतला व्यास निम्मा झाला, तर संथ प्रवाहाला होणारा अडथळा सोळापट वाढतो. बाळाच्या नळीचा आतला व्यास जेमतेम तीन-चार मिलिमीटर. तिच्यात आणखी एक नळी बसवली तर श्वासाला जागाच उरत नाही. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात ॲबरडीन या डॉक्टरांनी 1960 च्या दशकात लहान मुलांसाठी मऊ पीव्हीसी नळी रुळवली. आज तान्ह्यांच्या नळ्या बहुतेक एकेरीच असतात. आतली नळी गेली, तिचं काम मात्र राहिलं आणि ते माणसाच्या हातांकडे आलं. कफ ओढून काढणारं सक्शनचं कॅथेटर नळीच्या लांबीइतकंच मोजून आत घालायचं, कारण ते अधिक खोल गेलं तर श्वासनलिकेचं अस्तर सोलवटतं. हवा ओलसर राहावी म्हणून नळीच्या तोंडावर कृत्रिम नाक लावायचं. गळ्यातली पट्टी आणि मान यांत एक बोट जाईल इतकीच ढील ठेवायची. त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशा दोन नळ्या कायम हाताशी ठेवायच्या आणि ठरल्या दिवशी संपूर्ण नळी बदलायची.

ही कामं प्रशिक्षित नर्सचीच, आईबापांकडे ती सोपवणं धोक्याचं, हा आक्षेप जुना आहे आणि त्यामागची काळजी खरी आहे. स्वरयंत्र नळीच्या वर राहत असल्यामुळे यातल्या अनेक बाळांच्या रडण्याचा आवाजच उमटत नाही. नळी तुंबली तर हाक ऐकू येईल, या भरवशावर कुणी झोपू शकत नाही. पण शिकवलेल्या सामान्य हातांना हे जमतं, याचा पुरावा कोपनहेगनमध्ये मिळाला. तिथल्या 1952 च्या पोलिओच्या साथीत आरंभीच्या 31 गंभीर रुग्णांपैकी 27 दगावले होते. मग भूलतज्ज्ञ बियॉर्न इब्सेन यांनी गळ्यातल्या नळीतून हाताने श्वास देण्याची पद्धत आणली आणि सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून ती चालवली. मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. ते विद्यार्थी होते, तज्ज्ञ नव्हते, पण रुग्णालयात होते. घरात हे जमेल का, हा प्रश्न अमेरिकेत केटी बेकेटने ऐरणीवर आणला. ट्रेकिओस्टॉमी आणि व्हेंटिलेटर असलेली ही मुलगी तीनेक वर्षांची झाली तरी रुग्णालयातच होती, कारण सरकारी मदत रुग्णालयातल्या उपचारांना मिळे, घरच्या देखभालीला मिळत नसे. अध्यक्ष रेगन यांनी नोव्हेंबर 1981 मध्ये तिचा उल्लेख केल्यावर नियम सैल झाले. केटी घरी गेली, मोठी झाली आणि 2012 मध्ये वयाच्या 34व्या वर्षी वारली.

यावर सर्वांत गंभीर हरकत वेगळीच आहे. घरच्या देखभालीचा गौरव करता करता रात्रीची जागरणं आईच्या माथी मारली जातात, अशी ती हरकत. ती मला मान्य आहे, आणि तिचं उत्तर हीच कुळकथा देते. आतल्या नळीचं काम माणसाने उचललं असेल, तर त्या माणसाची झोप, प्रशिक्षण आणि पाळी बदलणारा दुसरा माणूस यांची गणना उपचारातच व्हायला हवी. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचना घरी व्हेंटिलेटरवर असलेल्या मुलांबाबत हेच सांगतात: किमान दोन कुटुंबीय प्रशिक्षित हवेत आणि जागता, प्रशिक्षित माणूस सदैव जवळ हवा. आठवड्याच्या सातही रात्रींची जागरणं दोघांकडून निभावणं शक्य नाही, म्हणून रात्रीची नर्स, वीज गेली तरी चालणारं सक्शन यंत्र आणि सुट्या नळ्या मिळवून देणं ही कुटुंबावरची मेहेरबानी ठरत नाही. शस्त्रक्रियेचा खर्च जो उचलतो, त्यानेच हा खर्चही उचलायला हवा, कारण त्याशिवाय ती शस्त्रक्रिया अर्धवटच राहते.