पेटीचा सूर आणि चिपची वही

वाचकहो, धानाची कापणी आटोपली, दिवाळी सरली, की आपल्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस येतात. साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या बाजूच्या गावांत दिवसा मंडई नाहीतर शंकरपट, आणि रात्री नाटक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. आणि झाडीपट्टीचे नाटक म्हणजे रात्री उशिरा पडदा वर जायचा नि तांबडे फुटेपर्यंत माणसे जागची हलायची नाहीत. वाजवणारे रंगमंचासमोर बसतात. ऑर्गन आणि तबला ही जुनी जोडी. तिच्या सोबतीला आता कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला.

आज मला नटांविषयी बोलायचे नाही. वाजवणाऱ्याच्या हाताखालचे वाद्य बिघडले, आणि ते बनवणाऱ्या कारखान्याने ते बनवणेच सोडून दिले असले, तर काय करायचे? या एका प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे.

आधी आपली पेटी घ्या. पायाने भाता हलवायच्या युरोपातल्या पेटीला कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताच्या भात्याचे रूप दिले आणि ती आपल्या मांडीपुढे येऊन बसली. (नभोवाणीच्या पुस्तिकेत पेटीचे गुण गाताना एक कबुली द्यायला हवी, बरं का! याच नभोवाणीने १९४० साली पेटीला स्टुडिओचे दार बंद केले होते आणि ते १९७० नंतरच हळूहळू उघडले. खेड्यातल्या भजनी मंडळाचे त्यावाचून काही अडले नाही.) या पेटीचा जीव कशात? तर पितळेच्या बारीक पट्ट्यांत. वारा लागला की पट्टी थरथरते आणि सूर निघतो. पट्टी उतरली तर कारागीर तिच्या टोकाशी थोडे घासतो, सूर चढतो. मुळाशी घासले तर सूर उतरतो. पट्टी तुटलीच, तर दुसरी घासूनपुसून त्या जागी बसवायची. कानाला सूर कळला आणि हाताला कानस कळली, की काम झाले. म्हणूनच विलायतेतले पायपेटीचे, म्हणजे ऑर्गनचे, कारखाने एकामागून एक बंद पडले तरी आपल्याकडचे ऑर्गन वाजत राहिले. काय बिघडले आहे ते डोळ्यांना दिसत होते, कानांना ऐकू येत होते.

आता कीबोर्डचे पोट उघडा. तिथे ना भाता, ना पट्टी. एक हिरवी पाटी, आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी पाय फुटलेल्या काळ्या गोमेसारख्या चिपा. त्यांतली एखादी चिप स्वतः आवाज काढत नाही. कोणती पट्टी दाबली तर काय करायचे, कोणते बटण कशासाठी, याची सगळी आज्ञावली तिच्यात लिहिलेली असते. या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. नाटक कंपनीत जशी नाटकाची वही असते ना, तशीच ही वही. नट हजर, वाजवणारे हजर, पडदा हजर. पण वहीच हरवली तर नाटक कोणते करायचे? चिप गेली की कीबोर्डची तीच गत. दिवा लागतो, पण वाद्य बोलत नाही. आणि ही वही कानाने ऐकून पुन्हा लिहिता येत नाही. पेटीत आणि यात खरा फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

ही वही पुसून पुन्हा लिहिता यावी अशी सोय १९७१ साली झाली. इंटेल या अमेरिकन कंपनीत डोव्ह फ्रोमन नावाच्या शास्त्रज्ञाने तशी चिप बनवली. पहिल्या चिपेत जेमतेम २५६ अक्षरे मावत. तिच्या पाठीवर एक छोटी गोल काच असे. त्या काचेतून अतिनील किरणे सोडली की पंधरा-वीस मिनिटांत लिहिलेले पुसले जाई आणि नवे लिहिता येई. हिचे नाव इप्रॉम. पुढे १९८० नंतरच्या दहा वर्षांत वाद्यांच्या पोटात हीच चिप जाऊन बसली, आणि पुष्कळदा सॉकेटमध्ये, म्हणजे डाग न देता नुसती दाबून बसवलेली, कारण कारखान्यालाही ठाऊक होते की वहीत चुका निघणार.

चुका निघाल्याही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांच्या शोधावर जपानच्या यामाहा कंपनीने १९८३ साली डीएक्स-७ हा सिंथेसायझर काढला. त्याच वर्षी निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांशी एका वायरीतून बोलावे असा ठराव झाला, त्याला मिडी म्हणतात. ठराव ताजा, वाद्य घाईने बाजारात आलेले. तेव्हा पहिल्या डीएक्स-७ ला ही भाषा अर्धीमुर्धीच येत होती. पुढे नवी चिप निघाली. जुनी काढली, नवी बसवली, की तेच वाद्य शहाणे झाले! आपल्या ओळखीचा ऑक्टोपॅडही याच वंशातला. रोलँड कंपनीचा १९८५ चा पहिला ऑक्टोपॅड स्वतःचा एकही आवाज काढत नसे. काठी पडली की मिडीच्या वायरीतून दुसऱ्या वाद्याला हुकूम देई.

आता आपल्या मुंबईचे एक उदाहरण. सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा रागांची एक तबकडी केली, सगळी इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर. त्यांतले एक यंत्र होते रोलँडचे टीबी-३०३. ते यंत्र मुळात बास गिटारची साथ करण्यासाठी काढलेले. खप झाला नाही, आणि १९८४ च्या सुमारास ते बंद झाले. तबकडीही त्या वेळी फारशी कोणी विचारली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा जगभर तिचे कौतुक झाले. यंत्राचेही तसेच. बंद पडल्यावर लोक ते शोधू लागले. पण त्याची आज्ञावली कारखान्यातच कायमची कोरलेल्या एका चिपेत होती. तेव्हा बाहेरच्या लोकांनी त्या यंत्राची चालचलणूक बारकाईने तपासून, त्याच जागी बसेल अशी नवी चिप तयार केली. मूळ कारखान्याने सोडलेले मूल दुसऱ्यांनी सांभाळले म्हणायचे. पण हे भाग्य सगळ्या वाद्यांना लाभत नाही. नाव झालेल्या यंत्रासाठी माणसे रात्री जागवतात. गावच्या शाळेतल्या साध्या कीबोर्डसाठी कोण जागवणार?

तुम्ही विचाराल, चिप बिघडते तरी कशी? इप्रॉमची वही कमकुवत विजेच्या भारांत लिहिलेली असते. वर्षानुवर्षांनी ते भार झिरपतात. शिवाय ती गोल काच! ऊन थेट पडले तर साधारण आठवड्याभरात, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तीनेक वर्षांत अक्षरे पुसली जाऊ शकतात, असे बनवणारेच सांगत. म्हणून त्या काचेवर कागदाची चिठ्ठी डकवलेली असते. साफसफाईच्या हौसेने ती खरवडून काढणारे महाभाग असतात. तुम्ही त्यांत नसावे. वर आपल्या मंडपातली धूळ, पोटमाळ्यावरचा पावसाळ्यातला दमटपणा. त्यामुळे चिपेच्या पायांना गंज चढतो. पुष्कळदा चिप मेलेलीच नसते. ती काढून, पाय पुसून, पुन्हा नीट दाबली तरी वाद्य बोलू लागते.

बदलायची असेल तर रीत अशी. वाद्य जिवंत असतानाच जाणत्या दुरुस्तीवाल्याकडून चिपेतले लिखाण यंत्राने वाचून संगणकावर उतरवून घ्यायचे. ते दोनदा वाचायचे, आणि दोन्ही वाचने जुळली तरच विश्वास ठेवायचा. मग कोऱ्या चिपेवर नक्कल. काढण्यापूर्वी प्लग सोडवायचा, आणि चिपेच्या एका टोकाची खाच कोणत्या दिशेला आहे ते कागदावर काढून ठेवायचे. उलटी बसली तर चिप जळते. हिवाळ्यात कोरड्या हवेत स्वेटर काढताना ठिणगी उडते ना, तीच ठिणगी बोटातून चिपेत गेली तर संपले. म्हणून आधी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावायचा. हे सगळे इतके बारीक आहे की हौशी माणसाने पहिला प्रयोग आपल्या चांगल्या वाद्यावर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि ही नक्कल चोरी ठरते का? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आज अशी तरतूद आहे, की प्रोग्रॅम ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे त्याने नाश किंवा बिघाड होईल म्हणून राखीव प्रत करून ठेवावी. ती विकायला मात्र मोकळीक नाही.

अलीकडच्या कीबोर्डांत चिप पाटीवरच डाग देऊन बसवतात, आणि बहुतेकांची नवी आज्ञावली वायरीतून किंवा पेनड्राइव्हवरून भरता येते. सोय मोठी, पण ती कंपनीने दिलेली फाइल वाद्य चालू असताना उतरवून ठेवली तरच. मॉडेल बंद झाले की कंपनीकडची फाइलही कधी नाहीशी होईल याचा भरवसा नाही. शिक्षकांनी शाळेच्या कीबोर्डचे मॉडेल, खरेदीचे वर्ष आणि आज्ञावलीचा क्रमांक एका कागदावर लिहून तो पेटीच्या झाकणात चिकटवावा. जुन्या सिंथेसायझरांत आणखी एक भानगड असते: वाजवणाऱ्याने स्वतः जमवलेले आवाज चिपेत नसतात, ते नाण्याएवढ्या बॅटरीवर तगलेले असतात. डीएक्स-७ मध्ये असे ३२ आवाज राहतात, आणि ती बॅटरी डाग देऊन बसवलेली असते. ती बदलायला काढली की सगळे ३२ जातात. तेव्हा ती काढण्यापूर्वी ते आवाज कुठेतरी उतरवून घ्या, आणि तेही मंडई सुरू होण्याआधी, पावसाळ्यातच.