रोटरी इंजिन आणि उष्णतेचा हिशोब

मंडळी, ‘रोटरी’ म्हटलं की आधी एक गोंधळ मिटवावा लागतो. या नावाची दोन अगदी वेगळी इंजिनं इतिहासात आहेत.

पहिलं फ्रान्समधलं, सेगँ बंधूंचं नोम. त्याचे सिलिंडर पंख्याबरोबर स्वतःच गरगर फिरायचे आणि फिरता फिरता वाऱ्यानं थंड व्हायचे. पाणी नाही, रेडिएटर नाही, म्हणून वजन कमी. ऑगस्ट १९०९ मध्ये रीम्सच्या हवाई मेळाव्यात आँरी फार्मान यांनी लांब पल्ल्याची स्पर्धा जिंकली, ती याच इंजिनावर.

दुसरं जर्मनीतलं, फेलिक्स वांकेल यांचं. ते एनएसयू कंपनीत १९५७ साली पहिल्यांदा चाललं. यात पिस्टन नाही. मधे किंचित दबलेल्या लांबट घरात तिकोनी रोटर फिरतो. आज आपण बोलणार आहोत ते याच इंजिनाबद्दल. गंमत अशी, की पहिल्या रोटरीनं रेडिएटर टाळला आणि दुसरीला दोन लागले.

का लागले? साध्या इंजिनात एकाच सिलिंडरमध्ये गार मिश्रण येतं आणि तिथंच ते पेटतं, त्यामुळे भिंतीला आळीपाळीनं गारवा मिळतो. वांकेलमध्ये घराची एक बाजू कायम गार मिश्रण घेते आणि दुसरी कायम जाळ सोसते. धातू सगळीकडे सारखा फुगत नाही. इंजिन फार तापलं की पाणी अडवणारी सील निकामी होतात आणि पाणी आत शिरतं. शिवाय फिरत्या रोटरच्या पोटात पाणी नेणं अवघड, म्हणून माझ्दाच्या इंजिनांत ते काम तेल करतं. म्हणजे तेल इथं नुसतं वंगण नाही, ते दुसरं पाणीच आहे. तेलाचा कूलर लहान निवडला तर पाण्याचा काटा जागेवर दिसतो, पण आत रोटर मात्र भाजत असतो.

आता निवडीचा प्रश्न. रेडिएटर ठरवायचा तो सर्वांत कठीण क्षणावरून, नुसत्या अश्वशक्तीवरून नाही. शर्यतीची गाडी पूर्ण ताकद लावते तेव्हा बहुतेक वेळा वेगात असते, समोरून वारा भरपूर मिळतो. विमानाचं उलटं. उड्डाणानंतर वर चढताना ताकद पूर्ण, पण वेग कमी. आणि तिथं इंजिन तापलं तर बाजूला थांबायची सोय नाही!

१९६०च्या दशकाच्या अखेरीस लॉकहीडनं क्यू-स्टार या प्रायोगिक विमानात कर्टिस-राइटचं वांकेल बसवलं आणि मोटारगाडीचा रेडिएटर नाकावर लावला. चाललं, पण वाऱ्यात उघडी जाळी उभी करणं म्हणजे विमानाला मागे ओढणंच. यावरचा उपाय खरं तर आधीच सापडला होता. १९३५ साली इंग्लंडमध्ये एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी दाखवलं, की हवा लहान तोंडातून घ्यावी, रुंदावत्या नळीत तिचा वेग उतरवावा, रेडिएटरमधून न्यावी आणि निमुळत्या वाटेनं मागे सोडावी. तापून फुगलेली हवा जाताना थोडा धक्काही देते. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग विमानाच्या पोटाखाली हीच कल्पना होती. पुढे घरी विमानं बांधणाऱ्या अमेरिकन हौशी मंडळींनी माझ्दाच्या इंजिनाला मोटारीच्या एसीतले जाड, आटोपशीर इव्हॅपोरेटर रेडिएटर म्हणून जोडले, तेही असल्याच नळीत बसवून.

शर्यतीतही धडा तोच. १९९० च्या माझ्दा ७८७ साठी नायजेल स्ट्राउड यांनी रेडिएटर बाजूंवरून नाकात नेला आणि त्यापायी गाडीचं अंगच बदलावं लागलं. पुढच्या वर्षी तिच्याच सुधारित ७८७बी या गाडीनं, चार रोटरच्या २.६ लिटर इंजिनावर, ल मान्सची २४ तासांची शर्यत ३६२ फेऱ्या मारून जिंकली. विजयाचं श्रेय एकट्या रेडिएटरला देता येणार नाही. पण चोवीस तास उष्णता बाहेर गेली नसती, तर बाकीचं श्रेय वाटायची वेळच आली नसती.

तेव्हा रेडिएटरचा आकार विचारण्याआधी आपण तीन गोष्टी विचारू या: उष्णता पाण्यात किती, तेलात किती, आणि आत आलेली हवा बाहेर कुठून जाणार?