पायाला मुंग्या आणि सहा मिलिग्रॅम

आपल्याकडे अँटिबायोटिकच्या चिठ्ठीवर खाली एक ओळ हमखास असते. बी-कॉम्प्लेक्स, रोज एक. "गोळ्या उष्ण पडतात" म्हणून. शिवाय ताक पी, गुलकंद खा ही आईची पुरवणी असतेच. औषधाने बिघडवलेलं दुसऱ्या गोळीने निस्तरायचं ही कल्पना नक्की कुठे खरी ठरली, हे शोधत गेलं की माणूस क्षयरोगापाशी येऊन पोचतो. आणि क्षयरोग म्हटला की आमच्या सातारा-सांगलीला फार लांब जावं लागत नाही.

पाचगणीला आपण टेबललँड आणि स्ट्रॉबेरीसाठी जातो. पण तिथलं बेल-एअर हे मुळात क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी ते १९१२ मध्ये काढलं. इकडे मिरजेत डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून होतं, आणि १९२० मध्ये सांगली-मिरज रस्त्यावर त्यांनी क्षयरोग्यांसाठी वेगळं सॅनेटोरियम उभं केलं. आज सिटी बसचा कंडक्टर "वानलेसवाडी" ओरडतो ते हेच. उपचार काय, तर कोरडी हवा, दूध-अंडी, महिनोन्‌महिने पडून राहणं, आणि फारच झालं तर छातीत हवा भरून आजारी फुफ्फुस मिटवून ठेवणं. औषध असं नव्हतंच.

आता गंमत बघा. ज्या १९१२ साली बेल-एअर सुरू झालं, त्याच साली प्रागमध्ये मायर आणि माली या दोन रसायनशास्त्रज्ञांनी आयसोनियाझिड नावाचा पदार्थ बनवला. कशासाठी? प्रबंधासाठी! काम झालं, बाटली फडताळात गेली. हा पदार्थ क्षयाच्या जंतूंना मारतो हे कळायला १९५२ उजाडलं. चाळीस वर्षं कोड लिहून तयार होता, फक्त कुणी रन केला नव्हता. मधल्या काळात किती माणसं गेली याचा विचार नको वाटतो.

१९४४ मध्ये आलेल्या स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शनं घ्यावी लागत, आणि त्याने काहींचे कान कायमचे जात. गेलेलं ऐकू येणं कुठल्याच व्हिटॅमिनने परत येत नाही. आयसोनियाझिड त्या मानाने देवमाणूस. स्वस्त आणि तोंडाने घ्यायचं. पण थोड्याच दिवसांत तक्रारी यायला लागल्या. तळपायाला मुंग्या, मग आग, मग चप्पल निसटली तरी कळत नाही.

कारण सापडलं ते फार सुरेख आहे. आयसोनियाझिड शरीरातल्या बी-६ व्हिटॅमिनला, म्हणजे पायरिडॉक्सिनच्या कुटुंबाला, चिकटतं आणि ती जोडी लघवीवाटे निघून जाते. जे बी-६ उरतं त्याला कामाला लावणारं एन्झाइमही हे औषध अडवतं. नसा उपाशी राहतात. वरून पायरिडॉक्सिन दिलं तर हे टळतं, असं अमेरिकेत १९५४ मध्ये दाखवलं गेलं. काही जणांचं शरीर हे औषध हळू पचवतं, त्यांना त्रास जास्त. भारतात अशी माणसं निम्म्याहून अधिक आहेत.

खरा प्रश्न गरीब, कुपोषित पेशंटचा होता, आणि त्याचं काम मद्रासला झालं. तिथल्या क्षयरोग केंद्राने १९५९ मध्ये दाखवलं की घरी राहून गोळ्या घेणारा सॅनेटोरियममधल्या पेशंटइतकाच बरा होतो. (पाचगणीच्या हवेचं महत्त्व तिथेच संपलं म्हणायचं. पुढे बेल-एअर रेडक्रॉसकडे आलं आणि नंतर एचआयव्हीच्या पेशंटसाठीही काम करू लागलं.) त्याच केंद्राने १९६३ मध्ये प्रसिद्ध केलं की पायाच्या नसा वाचवायला रोज फक्त ६ मिलिग्रॅम पायरिडॉक्सिन पुरतं. सहा मिलिग्रॅम! मिठाच्या चिमटीहूनही कितीतरी कमी.

आमच्या भागात याला आणखी एक पदर आहे. माण, खटाव, आटपाडी, जत म्हणजे ज्वारीचा मुलूख. नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्यांना पेलाग्रा होतो, म्हणजे नायसिन कमी पडून उन्हात कातडी काळवंडते, हे हैदराबादच्या डॉ. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास मांडलं. ज्वारीतलं ल्युसीन त्याला कारणीभूत, असं त्यांचं म्हणणं; त्यावर पुढे बराच वाद झाला. पण वाद नसलेली गोष्ट अशी की शरीराला स्वतःचं नायसिन बनवायला बी-६ लागतं, आणि आयसोनियाझिड नेमकं तेच पळवतं. आयसोनियाझिडमुळे पेलाग्रा झालेले पेशंट नोंदले गेलेले आहेत. म्हणजे भाकरी आणि मिरचीवर असलेल्या माणसाला ही छोटी गोळी चैन नाही. पायाची आग सहन न होऊन तो औषध सोडतो, आणि अर्धवट सोडलेला क्षय परत येतो तो औषधाला न जुमानणारा होऊन.

मग प्रत्येक मुंगीला बी-६? नाही ना. २००४ मध्ये सरकारने एचआयव्हीची मोफत औषधं सुरू केली, त्यात स्टॅव्ह्युडिन होतं. सांगली जिल्ह्यात एचआयव्हीचं प्रमाण तेव्हा मोठं होतं, आणि बऱ्याच जणांना जोडीला क्षय. स्टॅव्ह्युडिननेही तशाच मुंग्या येतात, पण त्या बी-६ ने थांबत नाहीत. औषधच बदलावं लागतं. ते पुढे बदललंही. लक्षण एक, बग वेगळा.

आता आपल्या साध्या घशाच्या अँटिबायोटिककडे या. १९५० च्या दशकात अमेरिकन कंपन्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूलमध्येच व्हिटॅमिन घालून विकत होत्या. युक्तिवाद असा की आतड्यातले जंतू बी व्हिटॅमिनं बनवतात, ते मेले की टंचाई. ऐकायला बरोबर वाटतं. पण पाच दिवसांत नीट जेवणाऱ्या माणसाला अशी टंचाई होत नाही. लॅक्टोबॅसिलसच्या पुड्यांची बाजू जरा बरी आहे, जुलाब काही जणांत कमी होतात. मात्र २०१८ च्या एका छोट्या इस्रायली अभ्यासात प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यात मूळचे जंतू परतायला उलट उशीर लागला. ताक प्या, चवीला चांगलं असतं.

आणि "जास्त घेतलं तर काय बिघडलं?" म्हणणाऱ्यांसाठी १९८३ चा एक अमेरिकन लेख. रोज काही ग्रॅम बी-६ खाणारे सात जण डॉक्टरांकडे आले. तक्रार काय, तर पाय बधिर, चालताना तोल जातो.

क्षयाच्या सरकारी उपचारात आजही गरोदर बायका, मधुमेही, एचआयव्हीचे पेशंट, दारू पिणारे आणि कुपोषित यांना पायरिडॉक्सिन द्यायचं असतं, साधारण १० मिलिग्रॅमपासून. घरात कुणाचा क्षयाचा कोर्स चालू असेल तर डब्यात ती गोळी आहे का, हे डॉक्टरांना विचारा. आणि पायाला मुंग्या आल्या तर औषध बंद न करता आधी त्यांना जाऊन सांगा.