हशीश आणि निझारी इस्माइली

निझारी इस्माइली या शिया पंथाचे मारेकरी हशीशच्या, म्हणजे गांजाच्या झाडापासून होणाऱ्या मादक पदार्थाच्या, नशेत खून करीत, असा एक जुना समज. यास समकालीन विश्वसनीय आधार नाही.

इजिप्तचा फातिमी खलीफा अल्-मुस्तन्सिर 1094 मध्ये वारल्यावर गादीचा तंटा झाला. त्यात थोरला मुलगा निझार याची बाजू घेणारे ते निझारी. त्यांचा इराणमधील पुढारी हसन-इ-सब्बाह याने 1090 मध्येच अलमूतचा डोंगरी किल्ला घेतला होता. इराणवर राज्य करणाऱ्या सेल्जुक तुर्कांशी मैदानात लढण्याइतकी फौज जवळ नसल्याने निवडक शत्रूंचे खून करणे हे या पंथाचे हत्यार बनले. ही कामगिरी करणाऱ्यांना ‘फिदाई’ म्हणत. 1192 मध्ये टायर येथे क्रुसेडरांचा पुढारी माँफेराचा कॉनराड याला मारणारे दोघे ख्रिस्ती साधूंच्या वेषात वावरत होते. असे सोंग निभावणे नशेत झिंगलेल्या माणसाचे काम नव्हे.

‘हशीशी’ हा शब्द या पंथासाठी पहिल्यांदा आढळतो तो 1123 च्या सुमारास, फातिमी खलीफा अल्-आमिर याच्या निझारींविरुद्धच्या पत्रात. तिथे तो नुसता फेकलेला आहे. कोणी हशीश घेतल्याचा आरोप त्यात नाही. गावंढळ, हलकट अशा अर्थाची ती शिवी असावी, असे इतिहासकार फरहाद दफ्तरी यांचे मत असून ते पटण्याजोगे आहे. इराणातील विरोधक तर निझारींना बहुधा ‘मलाहिदा’, म्हणजे पाखंडी, म्हणत.

क्रुसेडर लोकांनी ही शिवी सिरियात ऐकली आणि तिच्याभोवती कथा वाढत गेली. मार्को पोलोच्या वृत्तांतात डोंगरातला म्हातारा, म्हणजे निझारींचा पुढारी, तरुणांना गुंगीचे पेय पाजून नंदनवनासारख्या बागेत नेतो. मार्को त्या मुलखाकडून गेला तेव्हा अलमूत पडून बरीच वर्षे झाली होती, आणि त्या पेयाला तो हशीश म्हणत नाही. निझारी आणि हशीश यांचा दुवा पक्का केला पॅरिसमधील अरबीचे पंडित सिल्व्हेस्त्र द सासी यांनी. ‘अ‍ॅसॅसिन’ (मारेकरी) या युरोपीय शब्दाचे मूळ ‘हशीशी’त आहे हे त्यांनी 1809 मध्ये दाखवले, ते बरोबरच होते, मात्र शब्दावरून हशीशच्या वापराचा तर्क करून त्यांनी दंतकथेला विद्वत्तेचे बळ दिले.

सर्वांत बोलकी साक्ष कट्टर विरोधकाची आहे. 1256 मध्ये अलमूत घेणाऱ्या मंगोल हुलागूबरोबर आलेल्या इतिहासकार जुवैनीने अलमूतचे ग्रंथालय तपासले, पाखंडी वाटलेले ग्रंथ जाळले, खडकातल्या कोठारांतील मधाचीही नोंद केली. बाग किंवा हशीश यांचा त्याच्याकडे उल्लेख नाही. उलट, दारू प्यायल्याच्या आरोपावरून हसनने पोटच्या मुलाला ठार करविले, असे तो लिहितो.

या पंथाचा मुंबईशी प्रत्यक्ष संबंध आहे. आगाखानी खोजे हे निझारी होत. बोहरा मात्र अल्-आमिरला इमाम मानणाऱ्या शाखेचे. पहिले आगाखान मुंबईत स्थायिक झाले आणि 1866 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खोजांचे इमाम म्हणून त्यांचा हक्क मान्य केला. माझगावच्या हसनाबादेत त्यांची कबर आहे. पुढे रशियन अभ्यासक व्लादिमीर इव्हानोव्ह यांनी मुंबईत राहून निझारींची स्वतःची हस्तलिखिते छापायला घेतली. तोवर या पंथाचा इतिहास बहुतांशी शत्रूंच्या लेखणीतूनच वाचला जात होता.