पुडीतल्या जिवाणूचे कूळ
धारजवळच्या तिरल्यात काळ्या मातीत खरिपाला सोयाबीन आणि रब्बीत गहू-हरभरा, हा माळव्याचाच परिपाठ. हरभऱ्यावर मर रोग पडतो तो फ्युजेरियम या बुरशीमुळे; ती मुळांवाटे शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नलिका तुंबवते. खोड उभे चिरले तर आत तपकिरी रेघ दिसते. या रोगापुढे वरची फवारणी फारशी चालत नाही. म्हणून पेरणीआधी बियाण्याला किलोमागे 10 ग्रॅम स्यूडोमोनास या जिवाणूची भुकटी चोळून ते सावलीत सुकवायला सांगतात. या भुकटीची पुडी नवी दिसते, पण तिचे कूळ मातीच्या संगोपनात आहे, आणि ते विसरले की पुडी फसते.

1904 मध्ये लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने मुळांभोवतीच्या मातीचे वेगळेपण ओळखून पिकाचे आरोग्य तिथल्या सूक्ष्मजीवांशी जोडले. 1926 मध्ये कॅनडात सॅनफर्ड या संशोधकाने बटाट्याचा खवडी रोग हिरवळीच्या खताने आटोक्यात येण्याचे श्रेय विरोधी जिवाणूंना दिले. त्याच सुमारास धारपासून साठेक किलोमीटरवरच्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड हे शेतीसंशोधक काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते वरखाली करून तीनेक महिन्यांत खत करत होते; दोघांचे पुस्तक 1931 मध्ये निघाले. पुढे 1980 मध्ये क्लोपर हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की स्यूडोमोनास मातीतले लोह पकडणारे द्रव्य सोडतो आणि रोगजंतूला लोहाविना ठेवतो. चुनखडीच्या काळ्या जमिनीत पिकाला मिळणारे लोह आधीच कमी, म्हणून लोहासाठीची ही झुंज इथे विशेष महत्त्वाची.

हॉवर्ड जिवाणू-औषधाचा जनक नव्हे, हा आक्षेप खरा आहे. त्याचा भर ह्युमसवर आणि मुळांशी जगणाऱ्या बुरशीवर होता. पण जिवाणूला टिकायला लागणारे सेंद्रिय अन्न त्याच खतातून मिळते, म्हणून हॉवर्ड या कुळातला आहे. दुसरा आक्षेप असा, की प्रयोगशाळेत जिंकणारा जिवाणू शेतात हरतो. तो हरतो हे खरे, पण अनेकदा मुदत उलटलेल्या, उन्हात तापलेल्या पुडीमुळे किंवा उपाशी, कोरड्या मातीमुळे. रासायनिक बुरशीनाशक लवकर काम करते, हेही मान्य; मात्र जिवाणू हा आधीच बसवायचा पहारा आहे, मर पसरल्यावरचा उपचार नव्हे. म्हणून शेणखत, पिकांची फेरपालट आणि ताजी पुडी यांचा खर्च एकत्रच मांडावा. निव्वळ पुडी विकणाऱ्याने आणि निव्वळ पुडी घेणाऱ्यानेही तिच्याकडून तिच्या कुवतीबाहेरचे काम मागू नये.