पट्टेदार मासा आणि त्याचे वाटाडे

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, उत्तरेस मेन राज्यापासून दक्षिणेस कॅरोलिनापर्यंत, एक विशेष धंदा चालतो. पहांटे अंधार असतांनाच एक लहान होडी बंदरांतून बाहेर पडते. तींत एक वाटाड्या व त्याचीं एक-दोन गिऱ्हाइकें असतात. भरती-ओहोटीचा ओघ, वारा, पाण्याचा रंग आणि वर घिरट्या घालणारे पक्षी यांवरून मासा कोठें असेल तें वाटाड्या ताडतो. गिऱ्हाईक गळ टाकतें. मासा लागतो, झुंजतो, होडीशीं येतो. आणि पुष्कळदां तो पुन्हां पाण्यांत सोडून दिला जातो. मासा धरण्यासाठीं पैसे मोजावयाचे आणि धरलेला मासा सोडून द्यावयाचा, हा व्यवहार प्रथम ऐकणारास वेडेपणाचा वाटेल. परंतु त्याच्या पाठीमागें जवळजवळ चार शतकांचा इतिहास आहे, आणि आपल्या हांवेस आवर घालण्यास एखाद्या समाजाला किती वेळ लागतो, हें त्यांतून स्पष्ट दिसतें.

ह्या माशास इंग्रजींत ‘स्ट्राइप्ड बास’ म्हणतात. त्याच्या रुपेरी अंगावर सात-आठ काळे पट्टे डोक्यापासून शेंपटापर्यंत ओळीनें गेलेले असतात. चेसापीक उपसागराच्या कांठचे लोक त्यास ‘रॉकफिश’ म्हणजे खडकमासा असें म्हणतात. आपल्या कोंकणांतील जिताड्याप्रमाणें हाही खाऱ्या व गोड्या अशा दोन्ही पाण्यांत वावरतो. मात्र अंडीं घालण्यासाठीं तो वसंत ऋतूंत समुद्र सोडून नद्यांत चढतो. चेसापीकला मिळणाऱ्या नद्या, हडसन आणि डेलावेअर हीं त्याचीं मुख्य सूतिकागृहें. पुढें उन्हाळ्यांत मोठे मासे किनाऱ्याकिनाऱ्यानें न्यू इंग्लंडकडे जातात व थंडी पडूं लागली कीं दक्षिणेस परततात. मासा तीस वर्षांपर्यंत जगूं शकतो, पण मादी वयांत येण्यास सहा ते आठ वर्षें लागतात. पुढील सर्व कथेचें मर्म ह्यांतच आहे. अशा माशाची लूट दोन-चार हंगामांत होते. तिची भरपाई होण्यास मात्र एक पिढी जावी लागते.

इंग्रज वसाहतवाले आले तेव्हां ह्या माशाची इतकी रेलचेल होती कीं ते तो मक्याच्या मुळाशीं खत म्हणून पुरीत. १६३९ सालीं मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीच्या विधिमंडळानें कॉड व बास हे मासे खतासाठीं वापरूं नयेत असा हुकूम काढला. नव्या जगांतील निसर्गरक्षणाच्या अगदीं पहिल्या कायद्यांत त्याची गणना होते. पुढें १६७० सालीं प्लिमथ वसाहतीनें केप कॉड येथील मासेमारीच्या उत्पन्नांतून एक मोफत शाळा चालविण्याचें ठरविलें; त्या उत्पन्नांत ह्या माशाचाही वांटा होता. मुलांच्या अक्षरओळखीचा खर्च ज्याच्यावर चालला, असा मासा जगांत विरळाच! परंतु ह्या दोन्ही निर्णयांत चिंता होती ती माणसाच्या अन्नाची व उत्पन्नाची. मासा स्वतः कधीं संपेल, ही कल्पना अद्याप कोणाच्या मनास शिवलेली नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा मासा श्रीमंतांच्या करमणुकीचा विषय झाला. मॅसॅच्युसेट्सच्या दक्षिणेस कटीहंक नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेथें १८६४ सालीं न्यूयॉर्कच्या धनिकांनीं बास क्लब स्थापन केला. समुद्रांतील खडकांत लोखंडी गज रोवून त्यांवर फळ्यांचे अरुंद पूल बांधले आणि पुलाच्या टोंकाशीं बसून सभासद गळ टाकूं लागले. प्रत्येकाबरोबर बेटावरचा एखादा गडी असे. आमिष फोडून पाण्यांत फेकणें, गळाला तें लावून देणें आणि दमलेला मासा आंकड्यानें वर ओढणें हें त्याचें काम. कोणत्या ओहोटीला मासा कोणत्या खडकाशीं येतो हें ज्ञान त्याचें. मान मात्र सभासदाचा. आजच्या वाटाड्याचा पूर्वज तो हाच.

शतक संपतां संपतां मासे विरळ झाले आणि त्यांबरोबर असे क्लबही मावळले. १९१३ सालीं चार्ल्स चर्च ह्या गृहस्थानें कटीहंकच्याच परिसरांत ७३ पौंड वजनाचा मासा धरला. तो विक्रम पुढें सुमारें सत्तर वर्षें कोणासही मागें टाकतां आला नाहीं.

ह्याच काळांत एक विलक्षण प्रयोग झाला. १८७९ सालीं लिव्हिंग्स्टन स्टोन ह्या मत्स्यतज्ज्ञानें न्यू जर्सींतील नेव्हसिंक नदींतील सुमारें १३२ लहान मासे आगगाडीनें सबंध खंड ओलांडून सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उपसागरांत नेऊन सोडले. १८८२ सालीं आणखी सुमारें ३०० सोडण्यांत आले. एवढ्याशा भांडवलावर वंश असा फोफावला कीं १८९९ सालीं तेथें केवळ जाळ्यांनीं बारा लाख पौंडांहून अधिक मासे धरले गेले. पुढें १९३५ सालीं कॅलिफोर्नियानें ह्या माशाची व्यापारी मासेमारी बंद केली व तो केवळ हौशी गळवाल्यांसाठीं राखला. मासा पसरत पसरत ऑरेगॉनपर्यंत पोंचला. तेथील कूस बे येथें १९४८ सालीं जो ब्रूक्स ह्यांनीं कृत्रिम माशीवर २९ पौंडांहून अधिक वजनाचा बास धरला, तेव्हां समुद्रांतील माशीच्या गळाकडे पुष्कळांचें लक्ष गेलें.

येथें दोन साधनांतील भेद सांगणें अवश्य आहे. ‘स्पिनिंग’ पद्धतींत आमिष जड असतें. त्याच्या वजनानें दोर रिळावरून सुटत जातो. ह्या पद्धतीचें स्थिर रीळ इंग्लंडांतील ब्रॅडफर्डच्या इलिंगवर्थ ह्या गृहस्थानें १९०५ सालीं पेटंट केलें, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनच्या दोराबरोबर तें अमेरिकेंत घरोघर गेलें. ‘फ्लाय’ म्हणजे माशीच्या पद्धतींत आमिष हें केस व पिसें बांधलेला हलका गळ असतो. त्याला वजन नसतें, म्हणून जाड दोराच्याच भारानें तें दूर फेकावें लागतें. नांव माशीचें असलें तरी समुद्रांत तें रूप घेतें लहान मासोळीचें. मेरीलँडच्या लेफ्टी क्रे ह्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत चेसापीकच्या बासासाठीं अशीच एक ‘माशी’ बांधली. ‘डिसीव्हर’ म्हणजे फसविणारी ह्या नांवानें ती जगभर गेली; १९९१ सालीं तर अमेरिकेच्या टपाल तिकिटावरही तिचें चित्र आलें.

साधनें सुधारलीं, होड्यांना यंत्रें आलीं, जाळीं वाढलीं. नद्या मात्र दूषित होत चालल्या. १९७३ सालीं व्यापारी मासेमारींत जवळजवळ दीड कोट पौंड बास धरला गेला. दहा वर्षांनीं, १९८३ सालीं, तो आंकडा ३५ लाखांवर घसरला. चेसापीकच्या नद्यांत दरवर्षीं जाळें ओढून पिल्लांची मोजणी करण्याचा प्रघात मेरीलँडनें १९५४ पासून ठेवला होता. त्या मोजणींतही वर्षामागून वर्ष नवी पिढी दिसेना. तेव्हां १९८४ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें कायदा केला. किनाऱ्यावरील राज्यांच्या संयुक्त मंडळानें आंखलेली योजना जें राज्य पाळणार नाहीं, तेथील बासाची मासेमारी केंद्र सरकारनें बंद करावी, अशी त्यांत तरतूद होती. मेरीलँड व डेलावेअर यांनीं १९८५ सालीं संपूर्ण बंदी घातली. इतर राज्यांनीं धरतां येणाऱ्या माशाची किमान लांबी वाढवीत नेली. हेतु एकच: १९८२ सालीं जन्मलेल्या माद्यांना एकदां तरी अंडीं घालूं द्यावीं.

ज्याचें पोटच ह्या माशावर, त्या वाटाड्यानें काय करावें? कोणी धंदा सोडला, कोणी ब्ल्यूफिशसारख्या दुसऱ्या माशाकडे वळला. जेथें बंदी पुरती नव्हती तेथें मासा धरून सोडण्याची रीत रुजली. होडीच्या तळाशीं पडलेल्या माशांवरून दिवसाची किंमत करणारें गिऱ्हाईक हळूहळू त्या झुंजीची किंमत करूं लागलें. १९९० सालीं मर्यादित मासेमारी पुन्हां खुली झाली आणि १९९५ सालीं चेसापीकचा बास पूर्ववत् झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. माशी व स्पिनिंग शिकविणाऱ्या वाटाड्यांचा धंदा भरभराटीस आला तो त्यानंतर. बंदीच्या वर्षांत ज्यांनीं सोसलें, त्यांच्याच सोसण्याचें तें फळ होतें.

परंतु कथा येथें संपत नाहीं. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय पाहणींत मासा पुन्हां प्रमाणाबाहेर मारला जात असल्याचें दिसून आलें. त्याहून मनाला बोंचणारी गोष्ट निराळीच होती. सोडून दिलेल्या शंभर माशांपैकीं सुमारें नऊ मासे पुढें मरतात असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. नऊ ही संख्या लहान. पण सोडलेल्या माशांची संख्या कोट्यवधि झाली, कीं तिचा हिशोब भयंकर होतो. २०१७ सालीं माणसाच्या हातून मेलेल्या ह्या माशांपैकीं जवळजवळ निम्मे मासे दयेनें परत पाण्यांत सोडलेले होते! त्यांत २०१९ पासून मेरीलँडची पिल्लांची मोजणी वर्षानुवर्षें सरासरीच्या खालींच राहिली. म्हणून २०२० सालीं किनाऱ्यावर केवळ २८ ते ३५ इंचांमधील मासाच ठेवण्याची मुभा राहिली, आणि २०२३ सालीं ती वरची मर्यादा ३१ इंचांवर आणण्यांत आली. मोठ्या, पुष्कळ अंडीं घालणाऱ्या माद्या वाचाव्या हा त्यांतील हेतु. जिवंत वा मेलेलें आमिष लावणारांस गोल वळणाचा गळही सक्तीचा झाला. तो माशाच्या पोटांत न रुतता ओंठाच्या कडेस अडकतो.

कायदा एवढेंच करूं शकतो. मासा पाण्याबाहेर किती वेळ धरावा, झुंज किती लांबवावी, पाणी तापलेल्या दिवशीं गळ टाकावा कीं नाहीं, हें होडींत कोणी शिपाई येऊन सांगत नाहीं. तें सांगणारा एकच मनुष्य तेथें असतो, आणि तो म्हणजे पैसे घेऊन मासा दाखविणारा वाटाड्या. दहा मासे धरल्यावर “आतां पुरे” असें त्यानें म्हटलें, तर गिऱ्हाईक कदाचित् नाराज होईल; न म्हटलें, तर त्याच्या मुलाला हा धंदा उरणार नाहीं. १६३९ च्या हुकुमानें मासा खताच्या खड्ड्यांतून वाचला, १९८५ च्या बंदीनें तो जाळ्यांतून व गळांतून वाचला. आतां त्याला वाचवावयाचें आहे तें त्याच्यावर मनापासून प्रेम करणारांच्या हातून, आणि ह्या कामीं कटीहंकच्या खडकावरील त्या निनांवी गड्याच्या वारसदारावर सर्वांत मोठा भार येऊन पडला आहे.