विमान कंपनी बुडते तेव्हा

इतिहासाच्या वर्गात १९५३ सालचा हवाई वाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा शिकवताना मी त्या वेळच्या कंपन्यांची नावे फळ्यावर लिहितो : डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंग एअरलाइन्स, आणि अशाच आणखी काही. एकदा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, विमाने सरकारने घेतली, पण त्या कंपन्यांतल्या माणसांचे काय झाले?" प्रश्न साधा होता. पण आमची पुस्तके जेथे चटकन पान उलटतात, नेमके तेथेच त्याने बोट ठेवले होते. वाचकहो, त्याच प्रश्नाचा माग आज आपण काढू या.

दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याची डाकोटा विमाने स्वस्तात विकायला निघाली. आपल्याकडे कंपन्यांचे पीक आले. उतारू थोडे आणि विमाने फार, अशी गत झाली. १९५० साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. एवढ्या कंपन्या या धंद्यात जगू शकणार नाहीत, असाच तिचा सूर होता. अखेर सरकारने कायदा केला आणि १ ऑगस्ट १९५३ रोजी दोन महामंडळे उभी राहिली. आठ कंपन्यांची देशांतर्गत सेवा मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर ऐका : त्या कायद्यात विमाने, कर्जे आणि करारमदार यांच्याबरोबर जुन्या नोकरवर्गाला नव्या महामंडळांच्या सेवेत घेण्याचीही तरतूद होती. सगळ्यांचे सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. पण माणूस हाही हिशेबाचा एक भाग आहे, हे कायद्याने ध्यानात ठेवले होते.

पुढे चाळीस वर्षांनी चित्र पालटले. १९९०नंतर खासगी कंपन्यांना आकाश पुन्हा मोकळे झाले. ईस्ट वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त ही नावे आली आणि काही वर्षांतच पुसली गेली. टिकली ती ५ मे १९९३ रोजी मुंबईतून उड्डाणे सुरू करणारी जेट एअरवेज. वेळ पाळणारी, नीटनेटकी कंपनी म्हणून तिचे नाव झाले. त्या गणवेशात मुलगा किंवा मुलगी दिसली की शेजारीपाजारी कौतुकाने बघत.

मग घसरण कशी लागली? २००७ साली कंपनीने एअर सहारा १,४५० कोटी रुपयांना विकत घेतली. तो घास पचला नाही. स्वस्त तिकिटाच्या कंपन्यांनी दर पाडले. त्यात २०१८ साली इंधन महागले, रुपया उतरला. आणि विमानांची भाडी तर डॉलरमध्ये! त्या वर्षाच्या उत्तरार्धात वैमानिक, अभियंते आणि वरिष्ठ अधिकारी यांचे पगार रखडू लागले. आधी दोन हप्त्यांत, मग उशिरा, मग मुळीच नाही. पुढे मार्च २०१९ उजाडला तेव्हा सामान चढवणाऱ्या कामगारापर्यंत सगळ्यांचीच पाळी आली.

या ठिकाणी क्षणभर थांबू या. पगार रखडणे म्हणजे काय? महिनाभर काम करून दिले आणि त्याचे मोल मिळाले नाही, म्हणजे तेवढी रक्कम कामगाराने मालकाला उसनी दिली. बँक कर्ज देते ती कागद करून, व्याज ठरवून, तारण घेऊन. कामगाराचे हे कर्ज मात्र बिनव्याजी, बिनतारणी, आणि त्याला न विचारताच घेतलेले! वैमानिकांच्या संघटनेने पगार नाही तर उड्डाण नाही अशी नोटीस दिली. पण बँकांकडून पैसे येतील या आशेवर दोनदा पुढे ढकलली. काम थांबवावे तर कंपनी बुडणार, न थांबवावे तर घर बुडणार, असा तो पेच होता. एप्रिल २०१९च्या १७ तारखेला रात्री अमृतसरहून शेवटचे विमान मुंबईकडे निघाले. एकेकाळी शंभराहून अधिक विमाने उडवणाऱ्या कंपनीचा कारभार त्या रात्री थांबला. हजारो माणसे एका रात्रीत रिकामी झाली.

घर फिरले म्हणजे घराचे वासेही फिरतात, म्हणतात. बहुतेक विमाने भाड्याची होती. ती मालकांनी परत नेली. विमानतळांवरच्या उतरण्या-उडण्याच्या वेळा इतर कंपन्यांना वाटून दिल्या. उतारूंनी दुसरी तिकिटे काढली. मुंबईकराला येथे गिरणगाव आठवेल. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, कामगार देशोधडीला लागले; पण गिरणीखाली जमीन तरी होती, आणि तिच्यावर हक्क सांगत कामगार वर्षानुवर्षे घरांसाठी भांडू शकले. विमान कंपनीच्या पायाखाली जमीन कोठली?

वैमानिकाची अडचण आणखी वेगळी. त्याचा परवाना विमानाच्या जातीशी बांधलेला असतो. बोइंग चालवणाऱ्याला एअरबस चालवायची तर पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा परीक्षा. शिवाय ठरावीक मुदतीत उड्डाणे झाली नाहीत तर हातचा सरावही कायद्याच्या दृष्टीने शिळा होतो. आणि ज्येष्ठता? कॅप्टनची खुर्ची कोणाला, चांगल्या वेळापत्रकात पहिली निवड कोणाची, हे कंपनीतल्या ज्येष्ठताक्रमावर ठरते. वीस वर्षांची ज्येष्ठता दुसऱ्या कंपनीच्या दारात शून्य होते. कित्येकांना कमी पगारावर नव्याने सुरुवात करावी लागली. पगाराची थकबाकी निदान दाव्यात लिहिता येते. गेलेली ज्येष्ठता कोणत्या रकान्यात लिहायची?

दाव्याचे पुढे काय झाले तेही सांगतो. जून २०१९मध्ये प्रकरण २०१६च्या दिवाळखोरी कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे गेले. कंपनी मोडीत काढली तर पैसे कोणी कोणत्या क्रमाने घ्यायचे, याची पंगत या कायद्याने लावून दिली आहे. पहिले पान प्रक्रियेच्या खर्चाचे. मग तारण घेतलेले धनको आणि त्यांच्याच पंक्तीला कामगारांची चोवीस महिन्यांची देणी. त्याखाली इतर नोकरांची बारा महिन्यांची. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी निधी मात्र या पंगतीबाहेरचे. त्यांवर धनकोंचा हात पडू नये अशी तरतूद आहे. जेटच्या कर्मचाऱ्यांना एवढे मिळवण्यासाठीही अपिलात जावे लागले. ऑक्टोबर २०२२मध्ये अपील न्यायाधिकरणाने ही देणी द्यावीत असा निकाल दिला. जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. नवा खरेदीदार कंपनी पुन्हा उडवील ही आशा मात्र फोल ठरली. पैसे भरण्याच्या अटी पाळल्या गेल्या नाहीत, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम केला. शेवटच्या उड्डाणाला तोवर साडेपाच वर्षे उलटली होती. साडेपाच वर्षांत घरभाडे थांबत नाही, मुलांची फी थांबत नाही.

प्रत्येक बुडती कंपनी सरकारने विकत घ्यावी, असे माझे म्हणणे नाही. तोट्याचा डोंगर उचलता उचलता सरकारही थकले, आणि जानेवारी २०२२मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली. पण त्या विक्रीतही, वर्षभर कोणाला नोकरीवरून काढू नये, अशी अट घातली होती. म्हणजे मनात आणले तर माणसाचा विचार करारात बसवता येतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. कंपनी बुडते ती शेवटचे विमान उतरते त्या रात्री नव्हे. पहिला पगार चुकतो त्या महिन्यात. दार ठोठवायचे ते त्याच महिन्यात, आणि निधीची रक्कम भरली की नाही हे तपासायचे तेही तेव्हाच. बँकेचा हप्ता चुकला की नोटीस निघते. पगार चुकला की धीर धरा म्हणून सांगतात. कर्ज दोन्हीही आहेत. मग एकालाच कर्ज का म्हणावे?